कारवीचा मध

सह्याद्रीच्या उतारांवरील कारवी सात वर्षे नुसती हिरवी राहते. आठव्या वर्षी, पावसाळा सरत आला की ती जांभळ्या फुलांनी डोंगर झाकते, बी धरते आणि वाळून जाते. त्या बहरात माश्या साठवितात तोच कारवीचा मध. जांभळाचे झाड दरसाल फुलते, म्हणून त्याचा मध चुकला तरी पुढल्या वर्षी मिळतो. कारवीचा चुकला की आठ वर्षे थांबावे लागते. तिच्या काठ्यांच्या कुडांनी डोंगरी घरांस पिढ्यान्‌पिढ्या आसरा दिला, हे खरे; पण फुलण्यापूर्वीच सारे रान तोडले, तर मधाबरोबर पुढचे बीही जाते. महाबळेश्वर तालुक्यातील मांघर २०२२ साली देशातील पहिले मधाचे गाव म्हणून जाहीर झाले, ह्याचा आम्हांस आनंद वाटतो. मात्र गाव मधाचे राहावयाचे, तर आधी रान फुलांचे राहिले पाहिजे. आम्ही पन्नाशी ओलांडली. आता असे तीनचार बहर आमच्या वाट्याचे. त्यानंतरचा मध आमची नातवंडे चाखतील. त्यांच्यासाठी आजचे बी मातीत पडू द्यावे, एवढेच आमचे मागणे.