गालाची मोजणी

आमच्या परभणीत ऊन हा ऋतू नसून सोयरा आहे. आला की मुक्कामच ठोकतो. मी मोजणी खात्यातला माणूस. पस्तीस वर्षे गोदाकाठची शेते मोजली. टोपी नव्हती असे नाही; पण ती साहेब येणार असले की घालायची.

त्या उन्हाने माझ्या डाव्या गालावर एक काळा डाग ठेवला. मी त्याला तीळ म्हणे. ही म्हणे, "साठीत कसला तीळ? वांग आहे तो. लिंबू चोळा." मेहुणे म्हणाले, "उजव्या गालावर असता तर धनलाभ होता!"

खरे बोलला तो न्हावी. वस्तरा थांबवून म्हणाला, "साहेब, दोन दिवाळ्यांमागं ह्यो तुरीच्या डाळीएवढा व्हता. आता कडा वाकड्या झाल्यात, रंगबी दोन दिसतेत."

मोजणीदार मी, आणि माझ्याच गालाची हद्द सरकल्याचे न्हाव्याने सांगावे!

डॉक्टरांनी भिंगातून पाहिले, तुकडा तपासायला पाठवला. निघाला मेलॅनोमा. म्हणजे कर्करोग, पण अजून कातडीच्या वरच्या थरातच. आपल्याकडे हा रोग विरळा, आणि होतो तोही बहुधा तळपायाला, नाहीतर नखाखाली. जमैकाचा गायक बॉब मार्ले याच्या पायाच्या अंगठ्यात तो १९७७ साली सापडला. १९८१ साली, छत्तिसाव्या वर्षी, तो गेला. माझ्या मात्र गालावर! जन्मात एकदा अपवाद म्हणून निवड झाली, ती अशी.

सुई टोचून गाल बधिर केला. डॉक्टरांनी डागाभोवती पाच मिलिमीटर जागा सोडून शाईने रेघ आखली.

"एवढी चांगली जागा का घेता हो?"

"दिसतो त्याच्या पलीकडेही तो असू शकतो."

पटले. बांध दिसतो तिथेच हद्द असते असे नाही, हेच तर मी जन्मभर सांगत आलो!

शेवटचा अहवाल येईपर्यंत घरात कुणी लिंबाचे नाव काढले नाही. हिने वरणावरसुद्धा पिळले नाही. रात्री मी कूस बदलली की पलीकडून बांगड्या वाजत. तीही जागीच असे.

अहवाल आला: कडा स्वच्छ. ही देवघरात गेली, बराच वेळ बाहेर आली नाही. आली ती हातात माझी जुनी टोपी घेऊन, धुतलेली.

न्हाव्याने व्रण निरखला. "मोजणी बराबर झाली, साहेब."

आता मी रोज टोपी घालतो. साहेब कुणी येत नाही. सूर्य मात्र रोज येतो.