हातातून सुटलेला धोंडा

हातातून सुटलेला दगड आणि तोंडातून सुटलेला शब्द परत घेता येत नाही, असे वडीलधारी मंडळी पिढ्यान्‌पिढ्या सांगत आली आहेत. मराठीचा प्राध्यापक या नात्याने हे वाक्य वर्गात फेकण्याची संधी मीही सहसा दवडीत नाही. पण वाचकहो, जगात एक खेळ असा आहे की, त्यात दगड हातातून सुटल्यावरच खरी धांदल उडते! त्या खेळाचे नाव कर्लिंग.

खेळ मूळचा स्कॉटलंडचा, सोळाव्या शतकापासूनचा. तिथले लोक तो गोठलेल्या तळ्यांवर खेळत. आता त्यासाठी छपराखाली बर्फ तयार करतात. सुमारे ४५ मीटर लांबीची बर्फाची पट्टी, टोकाला एकात एक रंगीत वर्तुळे आणि वर मूठ बसवलेला, जवळजवळ २० किलोंचा ग्रॅनाइटचा धोंडा. एका डावात दोन्ही बाजू मिळून १६ धोंडे सरकवतात. केंद्राच्या सर्वांत जवळ ज्यांचा धोंडा, गुण त्यांनाच. असे दहा डाव. धोंडा सुटला की त्या बाजूचे दोघे गडी हातात कुंचे घेऊन त्याच्यापुढे बर्फ घासत धावतात. घासल्याने बर्फ किंचित ऊब धरतो, घर्षण घटते, आणि धोंडा थोडा दूर व थोडा सरळ जातो. मात्र कुंचा धोंड्याला लागता कामा नये. वाट हवी तेवढी गुळगुळीत करा, वाटसरूला हात लावू नका!

२३ फेब्रुवारी २०१८ च्या संध्याकाळी मी या खेळाच्या नादी लागलो. दक्षिण कोरियातल्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये, गांगनुंग शहरी, स्त्रियांचा उपान्त्य सामना होता. कोरिया विरुद्ध जपान. तिकडे रात्रीचे आठ वाजून गेले होते; आमच्याकडे चहाचे आधण चुलीवर होते. घरात बारावीची परीक्षा, म्हणून टेलिव्हिजनला बंदी होती. ती मोडली खुद्द परीक्षार्थिनीनेच. “बाबा, पाचच मिनिटं! मला ते दगड बघायचेत,” असे म्हणत आमची कन्या पुस्तक मिटून शेजारी येऊन बसली. तिला दगडांचे वेड. भूशास्त्र शिकायचे हा तिचा हट्ट, डॉक्टर व्हायचे हा तिच्या आईचा. आणि दोघींच्या मधल्या निसरड्या जागेवर मी. हे धोंडे स्कॉटलंडच्या किनाऱ्याजवळच्या एल्सा क्रेग या बेटावरच्या ग्रॅनाइटचे असतात. त्यातला एक प्रकार पाणी जवळजवळ शोषीतच नाही, म्हणून गारठ्याने त्याचे टवके उडत नाहीत, हे तिने मला समजावून दिले.

“हे पेपरात येणार आहे का?” स्वयंपाकघरातून प्रश्न आला. आम्ही दोघांनीही तो ऑप्शनला टाकला.

कोरियाच्या संघात सगळ्या किमच! नायिका किम उन-जंग. डोळ्यांवर मोठा गोल चष्मा, आणि चेहऱ्यावरची रेषा हलेल तर शपथ. तिच्या बहुतेक सोबतिणी लसणासाठी प्रसिद्ध असलेल्या उइसंग या तिच्याच गावच्या, शाळकरी वयात खेळ शिकलेल्या. बर्फ घासणाऱ्या मैत्रिणीला नायिका हाक मारी, “यंगमी!” हाक एकच, पण कधी तिचा अर्थ ‘घासायला लागा’, कधी ‘थांबा’, तर कधी ‘आणखी जोराने’. आवाजाच्या चढउताराने अर्थ पालटतो, त्याला आपल्या साहित्यशास्त्रात ‘काकु’ म्हणतात. ही काकु मी वर्षानुवर्षे फळ्यावर शिकवीत आलो. तिचे इतके जिवंत उदाहरण मला कोरियन भाषेत भेटावे, याची मोठी गंमत वाटली.

साखळी फेरीत कोरिया एकदाच हरला होता, तोही जपानकडून. त्यामुळे पहिल्याच डावात कोरियाला तीन गुण मिळाले, तेव्हा प्रेक्षकांनी सभागृह डोक्यावर घेतले. आमच्या पाच मिनिटांचे दोन तास झाले. आठव्या डावाअखेर ७–४. आता काय राहिले, असे म्हणतो तोच नवव्या डावात सात्सुकी फुजिसावाच्या जपानने दोन गुण घेतले, आणि दहाव्यात, शेवटचा धोंडा कोरियाच्या हाती असताना, आणखी एक हिसकावला. ७–७! “अजून संपलं नाही का तुमचं?” असे विचारीत सौभाग्यवती हात पुसत बाहेर आल्या आणि उभ्याच राहिल्या. दिवेलागण होऊन गेली. दिवा लावायला कोणी उठेना.

अकराव्या डावाचा अखेरचा धोंडा उन-जंगच्या हातून सुटला. धोंडा बर्फावर होता तेवढे क्षण तिच्या हाती काही नव्हते. होती फक्त हाक. पुढे कुंचे चालले होते. कमी घासले तर धोंडा अलीकडेच मरेल, जास्त घासले तर मधोमध न थांबता निघून जाईल. कोठे थांबायचे हे कळणे, हाच सारा खेळ. शेजारी कन्येने माझा हात घट्ट धरला होता. मी मान वळवली तर तिच्या आईने तिचा खांदा धरला होता. धोंडा हळूहळू केंद्रापाशी आला आणि थांबला. ८–७.

कोणी बोलले नाही. मग सौभाग्यवतींनी दिवा लावला आणि कन्येकडे पाहत म्हणाल्या, “हा दगड कुठला म्हणालीस?” त्या घरात दगडांविषयी मायेने विचारलेला तो पहिला प्रश्न.

दोन दिवसांनी अंतिम सामन्यात स्वीडनने कोरियाला ८–३ असे हरवले. उइसंगच्या मुलींना रौप्यपदक मिळाले.

त्या वर्षी जूनच्या अखेरीस कन्या भूशास्त्र शिकायला पुण्याला निघाली. तिची बॅग तिच्या आईनेच भरली; लाडवांचा डबाही दिला. एस.टी. स्टँडवर माझ्याकडे पाऊण तासाचे व्याख्यान तयार होते. वसतिगृहापासून वाचनालयापर्यंत सर्व मुद्दे त्यात होते. गाडी हलली, तेव्हा खिडकीपाशी चार पावले चालत मी फक्त तिला नावाने हाक मारली. तिने मान हलवली. काकु पोचली असावी.