गव्हावरची ज्वारी

माझ्या चार वर्षांच्या लेकीचे ओठ सुजले ते ज्वारीच्या भाकरीनं, हे लोकांना आजही पटवून द्यावं लागतं. त्याआधी वर्षभर 'पित्त आहे' म्हणत तिच्या अंगावरच्या गांध्यांना आमसुलाचं पाणी चोळलं होतं. मग रक्त तपासलं, गव्हाची ॲलर्जी निघाली. चपाती, बिस्किटं, रवा, शेवया सगळं घरातून गेलं. भाकरी सुरू झाली आणि दीड महिन्यात पुन्हा तेच!

कारण गिरणीत सापडलं. माझ्यापुढे गव्हाचे तीन डबे होते. तिसरा संपला तसा गिरणीवाल्यानं कापडी नळीला दोन टपल्या मारल्या आणि माझी ज्वारी वर ओतली. आधी पडलं ते पिवळसर पीठ, गव्हाचं. मग हळूहळू पांढरं येऊ लागलं. म्हणजे डब्याच्या तळाला दुसऱ्याची कणीक आणि वर माझी ज्वारी. मी बोलले, तर म्हणाला, "ताई, मूठभर इकडचं तिकडे होणारच. कोणी मरत नाही त्यानं." तेवढ्यात मागच्या बाई म्हणाल्या, "माझे गहू ज्वारीवर टाकू नका हं, चपात्या फाटतात." त्यांचं लगेच ऐकलं! त्यांचा डबा बाजूला ठेवून आधी दुसऱ्या कुणाचे गहू घातले. चपाती फाटू नये म्हणून नियम आहे, पोरीसाठी नाही.

आम्ही राहतो उल्हासनगरात, लालचक्कीला. वस्तीच्या नावातच चक्की, काय बोलणार! शेजार सिंधी, गव्हाच्या कोकीचा आणि दाल-पकवानाचा. शेजारच्या आंटी आता हात धुऊन मगच लेकीला कडेवर घेतात. घरात मात्र सासूबाईंचं सुरू होतं, "कणीक भाजून दे, आंबवून दे, थोडं थोडं दे, सवय होईल." भाजून गव्हाची बाधा जाते असा भरवसा नाही. आणि थोडं थोडं देण्याचा प्रयोग डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय कुणी करू नये, जिवावर बेतेल.

जपानमध्ये 1993 साली, भात न सोसणाऱ्यांसाठी विकरं वापरून बाधणारी प्रथिनं कमी केलेला तांदूळ सरकारमान्य झाला. वाचून हरखले, मग चिडले. आमची ज्वारी तर मुळातच बिनधोक होती. आपल्याकडे 2020 च्या नियमांनी पाकिटावर गव्हाचा उल्लेख सक्तीचा केलाय, पण गिरणीच्या पिठाला पाकीट कुठलं? हिंगाची डबी मात्र जरूर वाचा, त्यात बहुधा गव्हाचं पीठ असतं.

एका डब्यासाठी गिरणी खोलून झाडणं त्या माणसाला परवडणार नाही, हेही खरंच. पुढे त्यानंच निरोप धाडला, दगडाला टाकी लावायला गिरणी खोलली की पहिलं दळण तुमचं. मी गेले नाही. 'कोणी मरत नाही त्यानं' हे वाक्य डोक्यातून जात नाही.

हप्त्यांवर घरघंटी घेतली. 'यात गहू घालायचा नाही' असं तिच्यावर खडूनं सासूबाईंनीच लिहिलंय.