एक छोटासा ब्रेक

'ब्रेक' म्हणजे काय? पटकन सांगा. कॉफी ब्रेक, लंच ब्रेक, गाडीचा ब्रेक, नाहीतर सरळ ब्रेक-अप! माझ्या फ्रेंड्सनी साधारण याच क्रमाने उत्तरं दिली. परवा प्रोझोन मॉलच्या फूडकोर्टमध्ये आमचा हा गेम रंगला होता. रूल एकच. रोजच्या बोलण्यातला एखादा इंग्रजी शब्द घ्यायचा आणि डिक्शनरी विसरून, आपल्या घरी त्याचा अर्थ काय तेवढं सांगायचं.

करून बघा, धमाल येते. 'लाईन' म्हणजे रांग? चूक! आमच्या आज्जीच्या गावाला लाईन जाते आणि दोन तासांनी येते. म्हणजे वीज. 'एंगेज' म्हणजे फोन लागत नाही, पण 'एंगेजमेंट' म्हणजे साखरपुडा. 'कंपनी' म्हणजे सोबत, असं पुस्तकात असेल. आपल्या शहरात 'पोरगा कंपनीत आहे' म्हटलं की वाळूज, चिकलठाणा नाहीतर शेंद्रा. बास.

एकाने 'स्टेपनी' काढला आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. जादा चाक, त्यात काय! पण या शब्दाची गंमत माहितीये? सुरुवातीच्या मोटारींना जादा चाक नसायचंच. पंक्चर झालं की साहेबाने रस्त्यात बसून दुरुस्ती करायची. 1904 साली वेल्समधल्या लानेली गावात, स्टेपनी स्ट्रीटवर, डेव्हिस बंधूंनी यावर तोड काढली. चाकावर अडकवता येईल अशी टायर लावलेली जादा रिम! तिचं नाव पडलं रस्त्यावरून. आता तिकडे ते नाव मागे पडलंय, आणि आपल्या जालना रोडवरचा पंक्चरवाला मात्र रोज दहा वेळा त्या गल्लीचं नाव घेतो.

शब्द काही एकाच दिशेने येत नाहीत हं. इंग्रजांचा 'मॉंगूस' हा आपल्याच मराठीतल्या मुंगसावरून गेलेला. पण मुंगूस तिकडे जाऊनही मुंगूसच राहिलं. आपल्याकडे आलेल्या शब्दांचं तसं होत नाही. ते इथे येतात, भाड्याने खोली घेतात आणि हळूहळू वेगळेच होऊन जातात.

माझी टर्न आली तेव्हा मी 'ब्रेक' घेतला.

मी वाढले बजाजनगरला. 1985 मध्ये बजाजचा कारखाना वाळूजला सुरू झाला, मग आजूबाजूला सुटे भाग बनवणाऱ्या लहान-मोठ्या कितीतरी कंपन्या उभ्या राहिल्या. पप्पा गंगापूर तालुक्यातल्या गावातून आले आणि अशाच एका छोट्या कंपनीत लागले. टेम्पररी. पहिली शिफ्ट, दुसरी शिफ्ट, नाईट, सगळं करायचे. आणि दर सात महिन्यांनी त्यांना ब्रेक मिळायचा.

मला वाटायचं, काय भारी कंपनी आहे! आम्हाला शाळेत वीस मिनिटांचा ब्रेक, पप्पांना चक्क महिना-दीड महिन्याचा. एकदा बाईंनी वर्गात विचारलं, 'वडील काय करतात?' मी ताठ उभी राहून सांगितलं, 'माय फादर इज ऑन ब्रेक.' इंग्लिशमध्ये! बाई काही बोलल्या नाहीत. खाली बस म्हणाल्या, तेही एकदम हळू आवाजात.

अर्थ मला किराणा दुकानात कळला. तेल-साखर आणायला गेले, तर दुकानदारकाकांनी उधारीची वही उघडली, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, 'पप्पांना ब्रेक आहे का गं?' मी खुशीत 'हो' म्हटलं. काकांनी वही मिटली. 'आईला म्हणावं, या महिन्यात रोख घेऊन ये.'

सातच महिने का, हे पुढे एचआर शिकताना समजलं. त्या काळच्या कायद्यात बारा महिन्यांत 240 दिवस काम भरलं की अखंड सेवेचं एक वर्ष धरलं जायचं, आणि मग कामगाराला काही हक्क मिळायचे. 240 दिवस म्हणजे आठ महिने. म्हणून सातव्या महिन्यात ब्रेक! पप्पा स्वतः याच्यावर जोक करायचे. 'टेम्पररी म्हणजे स्टेपनी गं बाळा. पंक्चर झालं की काढायची, नाहीतर पडून राहायची.'

2004 मध्ये पप्पा एका दुसऱ्या कंपनीत पर्मनंट झाले. आज्जीने अख्ख्या गल्लीत पेढे वाटले आणि मग विचारलं, 'पर्मलंट म्हंजी काय रं?' पप्पा म्हणाले, 'म्हंजी ब्रेक नाही.' मी नंतर डिक्शनरीत बघितलं. तिथे लिहिलं होतं कायमचं, टिकाऊ वगैरे. पप्पांचाच अर्थ जास्त बरोबर होता.

फूडकोर्टमध्ये एवढं सांगितलं आणि थांबले. पुढचं सांगितलंच नाही. तुम्हाला सांगते.

आता मी स्वतः एचआरमध्ये आहे. एसी केबिन, गळ्यात आयकार्ड, मेलच्या शेवटी 'वॉर्म रिगार्ड्स'. मागच्या महिन्यात एका ऑर्डरचं काम संपलं आणि एकोणीस जणांची लेटर्स माझ्याकडे आली. विषय : 'डिसएंगेजमेंट'. म्हणजे साखरपुडा मोडला! मी मनातल्या मनात हसलेसुद्धा. लेटर्स छान इंग्लिशमध्ये होती. 'वी थँक यू', 'वी विश यू'. ती मीच ड्राफ्ट केली होती.

एका पोराने लेटर वरून खाली, खालून वर वाचलं. 'मॅडम, डिसएंगेजमेंट म्हंजी?' मी सुरू केलं, 'म्हणजे तुमचा असाइनमेंटचा पिरियड...' तो शांतपणे ऐकत होता. मी अडखळले तसा तोच म्हणाला, 'ब्रेक का?'

'हो. ब्रेक.'

'मग तसंच लिहायचं ना.' त्याने कागदाची घडी केली, खिशात टाकली. 'परत कधी बोलवता?'

त्याचं उत्तर माझ्या सुंदर लेटरमध्ये नव्हतंच. मग मी काय केलं, तर उरलेल्या पोरांच्या लेटरमागे एक मराठी कागद जोडला. पाचच ओळी. शेवटचा दिवस कोणता, हिशेब किती तारखेला मिळेल, पीएफसाठी कुणाला भेटायचं, परत बोलावण्याची शक्यता आहे की नाही. शेवटच्या ओळीत 'सध्या नाही' असं लिहिताना बराच वेळ लागला. साहेबांनी विचारलं, 'हे काय?' मी म्हटलं, 'सर, ट्रान्सलेशन.'

रात्री जेवताना पप्पांना सांगितलं. ते आता रिटायर झालेत, पर्मनंट. वाटलं, कागदाचं कौतुक करतील. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि विचारलं, 'हिशेब कधी देणार?'

'सात तारखेला.'

'एक तारखेला दे,' पप्पा म्हणाले. 'किराणा एक तारखेला असतो.'