धुतलेला स्पंज



मासे काचेत कोंडून ठेवणे मला पहिल्यापासून पटत नाही. पण नातवाने हट्टाने खाऱ्या पाण्याची छोटी टाकी घेतली, ६० लिटरची. त्यात दोन केशरी-पांढरे क्लाउनफिश, तीन गोगलगायी आणि थोडे खडक. मे महिन्यात सगळे पंधरा दिवस सुनेच्या माहेरी बेळगावला गेले आणि टाकी माझ्याकडे आली. जीव घरात आलेत तर सांभाळायलाच हवेत.

सूचना दोनच होत्या. दिवसातून एकदा चिमूटभर खाणे, आणि पाणी आटले की खुणेपर्यंत आरओचे साधे पाणी. पाणी उडून जाते, मीठ मागे राहते, म्हणून वरून खारे पाणी घालायचे नाही.

मी त्यात माझी भर घातली. मासे काचेशी येऊन तोंड उघडायचे, मला वाटायचे भुकेले आहेत. मग दुपारी एक चिमूट, संध्याकाळी एक. फिल्टरचा स्पंज काळा दिसला, तो नळाखाली पांढराशुभ्र होईपर्यंत चोळला. आपल्याला घाण बघवते का!

तिसऱ्या दिवशी सकाळी पाणी तांदळाच्या धुवणासारखे. मासे वर येऊन धापा टाकत होते. सगळे पाणी उपसायला बादली घेतली आणि आधी मुलाला फोन लावला.

"आई, थांब! सगळं पाणी एकदम बदललंस तर त्यांना सोसणार नाही. हिरवट आहे का पांढरं?"

"पांढरं."

"मग शेवाळ नाही. वाळू ढवळली असतीस तर काही तासांत खाली बसली असती. स्पंज धुतलास का?"

मी गप्प.

त्याने समजावले. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो. तो विषारी. स्पंजवर आणि खडकांवर राहणारे सूक्ष्म जीव त्याचे आधी नायट्राइट आणि मग बरेच सौम्य नायट्रेट करतात. नळाच्या क्लोरीनने मी स्पंजवरचे ते जीव मारले होते. उरलेल्या खाण्यावर दुसरेच जीवाणू वाढले, तोच हा पांढरा ढग. ते पाण्यातला प्राणवायू संपवतात, म्हणून धापा. लहान टाकीत हे फार झपाट्याने होते.

खडकामागे पाहिले तर एक गोगलगाय मरून कुजत होती. ती बाहेर काढताना डोळे भरून आले.

त्या दिवशी खाणे बंद. हवेचा पंप जोरात लावला. चाचणीच्या किटमध्ये अमोनिया ०.५ दिसला, हवा शून्य. रोज १२ लिटर, म्हणजे पाचवा हिस्सा, पाणी बदलायचे ठरले. बी.कॉम. कामाला आले. लिटरला साधारण ३५ ग्रॅम समुद्री मीठ, म्हणजे १२ लिटरला ४२० ग्रॅम. आदल्या दिवशी आरओच्या पाण्यात कालवून ठेवायचे, घनता १.०२५ आणि उष्णता टाकीइतकीच आहे ना ते बघायचे, मगच घालायचे. पहिल्या दिवसापुरते मीठपाणी नातवाने कॅनमध्ये भरून ठेवलेले होते, म्हणून निभावले. वहीत रोजचा जमाखर्च लिहिला. पाचव्या दिवशी पलीकडची भिंत दिसू लागली, आठव्या दिवशी अमोनिया शून्य.

आता स्पंज धुवायचा तर टाकीतूनच काढलेल्या पाण्यात, दोनदा हलकेच पिळून.

त्या आठ दिवसांत मला सारखी माझी आई आठवत होती. पाणी गाळल्यावर ती गाळणे तसेच झटकत नसे. ते उलटवून, गाळलेले पाणी वरून ओतून, त्यातले जीव जपून पुन्हा आडात सोडायची. आम्हाला घाई व्हायची, पण ती ऐकायची नाही. तेच मी आयुष्यभर इतरांना सांगत आले, आणि स्पंज मात्र मोरीत धुतला. दिसणाऱ्या दोन माशांची दया करताना न दिसणाऱ्यांचा विचारच केला नाही.

नातू आला तेव्हा पाणी नितळ होते. त्याने गोगलगायी मोजल्या. दोन. मी सगळे खरे सांगितले. तो थोडा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, "आजी, पुढच्या वेळी एकच चिमूट हं."

एकच चिमूट, मैत्रिणींनो.