झांकली मूठ

‘झांकली मूठ सव्वा लाखाची’ ही म्हण ज्यानें प्रथम उच्चारली त्याच्या घरीं अर्धांगवायूचें दुखणें कधीं शिरलें नसावें, असें मला अलीकडे वाटूं लागलें आहे. आमच्या घरीं अशी एक झांकली मूठ गेलीं दोन वर्षें मुक्कामाला आहे. ती माझ्या वडील बंधूंची, आमच्या अण्णांची. ती मिटलेलीच राहिली तर नखें तळव्यांत रुततात, आंत घाम सांचून कातडी खराब होते, आणि सदऱ्याच्या बाहींत हात घालणें हें दोघांचें काम होऊन बसतें. सव्वा लाखाची गोष्ट दूरच. ती उघडली तर निदान तळवा धुतां येतो, एवढें आम्हांला ठाऊक आहे.

मेंदूच्या डाव्या बाजूच्या रक्तवाहिनींत गुठळी अडकली आणि अण्णांचें उजवें अंग गेलें. पहिले कांहीं आठवडे तो हात पिळून टाकलेल्या पंचासारखा निपचित पडून असे. मग हळूहळू कोपर वाकूं लागलें, मनगट आंत वळलें, बोटें मिटलीं. समाचाराला येणारे म्हणत, ‘वा! हातांत बळ आलें!’ परंतु बळ धन्याच्या आज्ञेंत असतें. ही ताठरता कोणाचेंच ऐकत नसे. अण्णांनीं जांभई दिली कीं हात आपोआप छातीकडे उचलला जाई. ते चालायला उठले कीं मूठ अधिकच आंवळे. थंडी पडली, बद्धकोष्ठ झालें, मूत्रमार्गाला कांहीं विकार झाला, तर त्याची पहिली वर्दी ती मूठच देई.

याचें कारण मला पुढें समजलें. प्रत्येक स्नायूच्या पोटांत ताण मोजणारीं सूक्ष्म इंद्रियें असतात. स्नायु ओढला गेला कीं तीं मज्जारज्जूला खबर देतात आणि तेथूनच आंखडण्याचा उलट हुकूम सुटतो. सर चार्ल्स शेरिंग्टन यांनीं आपले सहकारी लिडेल यांच्यासह १९२४ सालीं या प्रतिक्रियेचें वर्णन केलें. निरोगी माणसांत मेंदूचा तिच्यावर लगाम असतो; पक्षाघातांत तो सुटतो. १९८० सालीं जेम्स लान्स या ऑस्ट्रेलियन मज्जाविकारतज्ज्ञानें या ताठरतेची व्याख्या केली, तींत वेगाला मोठें स्थान दिलें. ताण जितक्या वेगानें द्यावा तितकी स्नायूची उलट ओढ वाढते. या व्याधीला घाई मुळींच खपत नाहीं!

तिचा प्रत्ययही आम्हांला लवकरच आला. आमचे एक दूरचे आप्त गांवाहून आले होते. तालमींत कसलेला माणूस. त्यांनीं मायेपोटींच अण्णांचीं बोटें धरून एक हिसडा दिला. मूठ लोखंडासारखी झाली आणि अण्णांच्या डोळ्यांत पाणी उभें राहिलें. त्याच संध्याकाळीं फिजिओथेरपीच्या बाई आल्या. वयानें माझ्या धाकट्या मुलीएवढ्या. त्यांनीं ती मूठ हातांत घेतली आणि मनगट आणखीच आंत वाकविलें.

‘उघडायची ती मूठ आणखी मिटवायची?’ मीं विचारलें.

‘मनगट वाकलें कीं बोटांच्या दोऱ्या सैल पडतात, काका,’ त्या म्हणाल्या.

मग त्यांनीं अंगठा टोंकाला न धरतां मुळापाशीं धरून बाहेर घेतला. एकेक बोट उलगडलें. आणि बोटें उलगडलेलीं ठेवूनच मनगट सावकाश वर आणलें. तळवा मेजावर पसरून त्या म्हणाल्या, ‘अण्णा, आतां यावर थोडा भार द्या.’ अण्णा आपल्या त्या हाताकडे, परगांवाहून आलेल्या नातलगाकडे पाहावें तसे पाहत राहिले.

हें शास्त्र आपल्याकडे फार जुनें नाहीं. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांत त्याचें विद्यालय निघालें तें १९५० नंतर. या शास्त्राचा एक विशेष मला फार आवडतो: तें आपल्या उपायांचा हिशेब तपासून पाहतें. नुसता ताण देत राहिल्यानें सांध्यांच्या हालचालींत म्हणण्यासारखा फरक पडत नाहीं, असा निष्कर्ष २०१७ सालच्या एका मोठ्या आढाव्यांत निघाला. बाईंनींच तो आम्हांला सांगितला. ‘मग हा खटाटोप कशाला?’ असें अण्णांच्या मनांत आलेलें त्यांनीं चेहऱ्यावरून ओळखलें असावें. ‘ताण देणें म्हणजे नुसतें दार उघडणें,’ त्या म्हणाल्या, ‘आंत जाऊन काम केलें पाहिजे.’ तेव्हांपासून मूठ उघडली कीं लगेच तिच्याकडे काम दिलें जातें: फडक्यानें मेज पुसणें, शेंगांची वाटी धरून ठेवणें, डाव्या हातानें कागद फाडतांना तो दाबून धरणें. मध्यंतरीं बोट्युलिनम टॉक्सिनचें इंजेक्शनही झालें. त्याचा गुण सुमारें तीन महिने टिकतो, आणि ते तीन महिने कामाला लावावे लागतात. एरवीं औषध उतरतें आणि हात होता तेथेंच राहतो.

अण्णांचें खरें दुःख पंगतीचें होतें. डाव्या हातानें भात कालवून चारचौघांत जेवणें त्यांना जड वाटे. पुतण्याच्या लग्नांत ते जेवणाच्या वेळीं ‘मला भूक नाहीं’ म्हणून खोलींत बसून राहिले. उजवा हात पुन्हां घास उचलील असें वचन बाईंनीं कधीं दिलें नाहीं, आणि त्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहें. परंतु तो हात आतां ताट धरून ठेवतो. ताट सरकत नाहीं, डावा हात निर्धास्तपणें जेवतो. गेल्या दिवाळींत अण्णा आमच्याबरोबर बसले, आणि वहिनींनीं वाढलेला दुसरा लाडू त्यांनीं नको म्हटला नाहीं.

सकाळीं उघडलेली मूठ संध्याकाळपर्यंत पुन्हां मिटते. कोणी विचारतात, ‘मग उपयोग काय?’ त्यांना मी म्हणतों कीं घर आपण रोज झाडतों. काल झाडलें तें फुकट गेलें, असें म्हणून आजवर कोणा गृहिणीनें केरसुणी टाकून दिलेली मीं पाहिली नाहीं. रोगाशीं झुंजण्याच्या गोष्टी आपण फार ऐकतों. आमच्या घरीं मात्र जो रोग आहे त्याला झुंज दिली कीं तो बळावतो, आणि रोज थोडा वेळ त्याचा हात हातांत घेऊन बसलें कीं तो नरमतो. असा पाहुणा सांभाळायला पराक्रम लागत नाहीं. सवड लागते, आणि ती घरांतल्या सर्वांनीं मिळून काढावी लागते.