पडली तर कोणाची?

रमजान नुकताच लागला होता. सहरीला उठलो तेव्हा मोबाईलवर दुबईहून भाचीचा मेसेज येऊन पडला होता. 'मामू, ती जिंकली!' पुढे रडणारे, हसणारे, नाचणारे असे दहा-बारा चेहरे. माझ्या हातात चहाचा कप, अम्मी मागून ओरडतेय, वेळ संपत आली, पोटात काहीतरी घाल. आणि मी विचार करतोय, ही 'ती' कोण?

'ती' म्हणजे अमेरिकेची अलिसा ल्यू. मिलानच्या हिवाळी ऑलिम्पिकमध्ये महिलांच्या फिगर स्केटिंगचं सुवर्णपदक तिनं घेतलं होतं. तेराव्या वर्षी अमेरिकेची राष्ट्रीय विजेती झालेली ही मुलगी. त्या वयात तो किताब तिच्याआधी कुणीही मिळवला नव्हता. २०२२ मध्ये बीजिंग ऑलिम्पिक खेळली आणि दोनच महिन्यांनी, सोळा वर्षांची असताना, निवृत्त झाल्याचं सांगून मोकळी झाली. एव्हरेस्टच्या बेस कॅम्पपर्यंत चालत गेली, कॉलेजात मानसशास्त्र शिकू लागली. जवळजवळ दोन वर्षं बर्फाकडे फिरकलीच नाही. मग २०२४ मध्ये परत आली. संगीत मी निवडणार, पोशाख मी ठरवणार, सराव किती करायचा तेही मीच बघणार, असं ठरवून आली. २०२५ मध्ये बोस्टनला जगज्जेती झाली आणि आता हे.

माझ्या भाचीला या गोष्टीचं एवढं का, ते घरात सगळ्यांना माहीत आहे, फक्त कुणी बोलत नाही. तीही सोळा वर्षांची आहे. तिनंही चौदाव्या वर्षी बूट काढून ठेवले होते.

आमचं मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यात, खाडीच्या काठावर. गावात फ्रीजमधल्या बर्फाशिवाय दुसरा बर्फ कुणी पाहिलेला नाही. पण आमच्या कोकणातल्या मुसलमानांची निम्मी घरं आखातातल्या पगारावर उभी आहेत, तशीच माझ्या धाकट्या बहिणीचंही दुबईत. भाचीचा जन्म तिथलाच. बाहेर पंचेचाळीस डिग्री ऊन आणि मॉलच्या आत चक्क ऑलिम्पिकच्या मापाचा बर्फाचा रिंक. सहाव्या वर्षी वाढदिवसाला हौस म्हणून नेली आणि पोर तिथंच अडकली. अम्मीला पहिल्यांदा व्हिडिओ दाखवला तेव्हा ती म्हणाली, 'पडेल ना ती!' भाचीनं फोनवरूनच उत्तर दिलं, 'दादी, पहिल्या दिवशी पडायलाच शिकवतात.' ('नानी' म्हण म्हणून किती सांगितलं, पण ती माझ्या मुलांचं ऐकून दादीच म्हणते.)

तिच्या खोलीत झाहरा लारीचा फोटो असायचा. अबुधाबीची ही मुलगी डोक्याला स्कार्फ बांधून आंतरराष्ट्रीय स्पर्धेत उतरली. २०१२ मध्ये इटलीत त्या स्कार्फसाठी तिचे गुण कापले गेले. तिनं स्केटिंगच्या जागतिक संघटनेला आपलं म्हणणं पटवून दिलं आणि पुढे त्याच स्कार्फसह खेळत राहिली. माझी भाची स्कार्फ बांधत नाही. तिला झाहराच्या उड्या आवडायच्या, एवढंच.

दोन वर्षांपूर्वी तिचा घोटा मोडला. प्लॅस्टर निघालं, व्यायाम झाला, डॉक्टरांनी हरकत नाही म्हणून सांगितलं. ती मात्र रिंकवर गेली नाही. आम्ही सगळे घोट्यालाच दोष देत राहिलो.

आता या वर्षी दोन गोष्टी एकदम झाल्या. एक तर ल्यू जिंकली. दुसरं म्हणजे मेहुण्यांच्या कॅनडाच्या कायम वास्तव्याचे कागद आले. आखातात तीस वर्षं काढली तरी तिथलं नागरिकत्व मिळत नाही, हे आपल्याकडच्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. म्हणून नोकरीची उमेद आहे तोवर लोक कॅनडाची वाट धरतात. आणि कॅनडात तर गल्लोगल्ली रिंक.

मग घरात खल सुरू झाला. मुलगी परत स्केटिंग करणार का, आणि करणार असेल तर कोणाकडून?

मेहुण्यांचा हिशोब सरळ होता. तीन वर्षं तिथं राहिलं की नागरिकत्वाचा अर्ज करता येतो. मग कॅनडा. त्यात अडचण एवढीच की तिथं या खेळात मुलींची रांग लागलेली आहे आणि रांगेच्या पुढच्या टोकाला असलेल्या मुली चौदाव्या वर्षी घरी बसलेल्या नाहीत. दुसरा रस्ता भारताचा. पासपोर्ट तिच्याकडे आहेच. भारताकडून आजवर एकही फिगर स्केटर ऑलिम्पिकला गेलेला नाही. डेहराडूनला २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी मोठा रिंक बांधला, तो पुढे अनेक वर्षं बंदच पडून राहिला. अमेरिकेत जन्मलेली तारा प्रसाद आज भारताकडून खेळते, राष्ट्रीय विजेती आहे, २०२५ मध्ये हार्बिनच्या आशियाई हिवाळी स्पर्धांतही उतरली. ती सराव मात्र अमेरिकेतच करते. आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही आणि ओसीआय कार्डावर भारताच्या संघात जागा मिळत नाही. म्हणजे भाचीनं कॅनडाचा पासपोर्ट घेतला की भारताचं दार बंद. शिवाय या खेळात एकदा एका देशाकडून उतरलं की दुसऱ्या देशाकडून उतरण्यासाठी जुन्या संघटनेची मोकळीक लागते आणि बारा महिने थांबावं लागतं. पोरीची उमेदीची वर्षंच किती असतात!

मी मामू. मला विचारलं गेलं. मी एका दमात सांगितलं, 'भारताकडूनच खेळ. दाखवून दे.'

ती पलीकडून म्हणाली, 'कोणाला दाखवू, मामू?'

मी काहीतरी गुळमुळीत बोललो. फोन ठेवला आणि तो प्रश्न माझ्याकडेच राहिला.

कोणाला, ते मला माहीत होतं. माझ्या जुन्या नोकरीत एक साहेब दर महिन्याला न चुकता म्हणायचे, 'तुमचं मराठी फार छान आहे हो!' माझ्या आजोबांचंही मराठी छानच होतं, त्यांच्या आजोबांचंही असणार. मी दर वेळी हसून 'थँक्यू' म्हणायचो. त्या साहेबांना मला उत्तर द्यायचं होतं आणि त्यासाठी मी सोळा वर्षांच्या पोरीला बर्फावर उभी करायला निघालो होतो. तिरंगा लावलेलं जॅकेट घातलेली माझी भाची, वर्तमानपत्रात फोटो, खाली आमच्या गावाचं नाव. मला ते चित्र स्पष्ट दिसत होतं. त्यात ती पडलेली कुठंच नव्हती.

खरं म्हणजे पडलेल्यांचं काय होतं, ते मी बघितलेलं आहे. २०२२ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये चीनकडून झू यी नावाची एकोणीस वर्षांची मुलगी उतरली होती. जन्म लॉस एंजेलिसचा. अमेरिकेचं नागरिकत्व सोडलं, बेव्हर्ली हे नाव सोडलं आणि आईवडिलांच्या देशाकडून खेळायला आली. ६ फेब्रुवारीला सांघिक स्पर्धेत ती पडली, दुसऱ्या दिवशी पुन्हा पडली आणि बर्फावरच रडली. तिच्या पडण्याचा हॅशटॅग चीनच्या वायबोवर काही तासांत वीस कोटी वेळा पाहिला गेला. चीनमध्येच जन्मलेल्या मुलीची जागा हिला का दिली, आधी चिनी भाषा नीट शिक म्हणावं, मग देशप्रेमाच्या गप्पा मार. त्यानंतर एकच दिवस गेला आणि ८ तारखेला आयलीन गूनं स्कीइंगमध्ये सुवर्ण जिंकलं. तीही अमेरिकेतच जन्मलेली, तीही देश बदलून आलेली. तिला चीननं डोक्यावर घेतलं. (तिला शिव्या घालायचं काम मग अमेरिकेतल्या लोकांनी केलं.) आणि याच ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेकडून खेळत होती अलिसा ल्यू, जिचे वडील १९८९ च्या आंदोलनानंतर चीन सोडून पळून आलेले. तीन मुली, तिघींची मुळं एकाच देशातली.

आपल्याला हे कळायला बीजिंगपर्यंत जायची गरज नाही. २४ ऑक्टोबर २०२१, दुबई. टी-ट्वेंटी विश्वचषकात भारत पाकिस्तानकडून दहा गडी राखून हरला. बहिणीचं सगळं कुटुंब त्या दिवशी स्टेडियममध्ये होतं. अकरा वर्षांच्या भाचीच्या अंगात निळी जर्सी होती, गालावर तिरंगा रंगवलेला. अकराच्या अकरा जण हरले होते. पण रात्रभर शिव्या पडल्या त्या मोहम्मद शमीला. विराट कोहली नंतर शमीच्या बाजूनं ठाम उभा राहिला, ते चांगलंच झालं. पण भाचीनं घरी परतताना गाडीत आईच्या मोबाईलवर त्या शिव्या वाचल्या होत्या. हे मला बहिणीनं आत्ता, या मार्चमध्ये सांगितलं. पोरीनं तेव्हा एकच विचारलं होतं म्हणे, 'बाकीच्यांना का नाही?'

मी तिला पुन्हा फोन केला. ईद होऊन गेली होती. म्हटलं, परवाचं माझं बोलणं विसर. तू खेळलीस तर मला आनंद होईल, नाही खेळलीस तरी तू आमचीच, आणि देश कोणता ते तुझं तू बघ. हे बोलताना आवाज जरा जड झाला, म्हातारपण दुसरं काय.

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, 'घोटा केव्हाच बरा झालाय, मामू.'

'माहीत आहे,' मी म्हणालो. खरं तर मला माहीत नव्हतं.

'सगळे बघायचे ना. अब्बा व्हिडिओ काढायचे, अम्मी मार्क लिहून ठेवायची, तुम्ही ग्रुपवर टाकायचात. मी उडी मारायच्या आधीच मला तुमच्या सगळ्यांचे चेहरे दिसायचे.'

यावर काय बोलणार? ग्रुपवर टाकणारा मीच होतो. आमच्या गावच्या ग्रुपवर, साडेतीनशे माणसांच्या.

कॅनडाला जायचं ठरलंय ऑगस्टमध्ये. पासपोर्टचं काहीच ठरलेलं नाही. मेहुणे अधूनमधून विषय काढतात, बहीण डोळ्यांनी गप्प करते. गेल्या शुक्रवारी सकाळी भाचीनं कपाटातून जुने बूट काढले. पाय दोन नंबरांनी वाढलाय, बूट चढेनात. मग ती मेट्रोनं एकटीच मॉलमध्ये गेली आणि भाड्याचे बूट घेऊन, लहान मुलं आणि पर्यटक कठडा धरून धडपडत असतात त्या वेळेत, तासभर फिरून आली. बहिणीनं विचारलं, मी येऊ का सोबत? नको म्हणाली.

एकही फोटो आलेला नाही. बहिणीला विचारलं, काही उडी वगैरे मारली का गं? ती म्हणाली, 'सांगत नाही ती. पण पँटच्या गुडघ्याला ओल होती.'